बेबी ऑफ योगिनी

नारायणगुडा, हैदराबाद
२ नोव्हेंबर २००३

अलकावन्सं,

वर नमस्कार लिहिलेला नाही, तो विसरून राहिलेला नाही.

तुमच्या दवाखान्यातून आमच्या ऑफिसात आलेली दिवाळीची पेटी परत पाठवते आहे. काजू, बदाम, चांदीच्या निरांजनांचा जोड, सगळं आलं तसंच आहे. पेटीवर 'क्लेम विभाग, मॅडम' एवढंच लिहिलं होतं. म्हणजे ती कुणाला चालली आहे हे तुमच्या मॅनेजरला ठाऊक नव्हतं, आणि तुम्हालाही नसावं. ती मॅडम मी आहे. तुमच्या धाकट्या भावाची, प्रकाशची बायको. कागदोपत्री अजूनही आहे, बाकी तीन वर्षं मी माझ्या बाबांच्या घरी राहते.

सरकारनं विम्याचं दार खाजगी कंपन्यांना उघडलं आणि त्यांच्या मागोमाग आमच्यासारखी नवी दुकानं निघाली. विमा दुसऱ्याचा, दवाखाना तिसऱ्याचा, मध्ये बसून बिलं तपासायची ती आम्ही. मी शाळेत गणित शिकवायचे हे तुम्हाला माहीत आहे. मुलाखतीत त्यांनी विचारलं, दवाखान्यांचा काही अनुभव? म्हटलं, एकदा आला आहे. बाळंतपणाची सगळी बिलं आता माझ्या टेबलावरून जातात. तुमचीही.

दीड वर्ष तुमची बिलं बघते आहे, वन्सं, आणि मला तुमचं कौतुक वाटतं. ज्या बाईच्या पॉलिसीत सिझेरियनला तीस हजार, तिचं बिल तीस. जिच्या पॉलिसीत पंचवीस, तिचं पंचवीस. नॉर्मल बाळंतपणाला पॉलिसी निम्मेच पैसे देते, म्हणून विम्याच्या बायका तुमच्याकडे नॉर्मल बाळंत होतच नाहीत. आणि जिच्याकडे पॉलिसीच नाही, ती दिलसुखनगरच्या फळवाल्याची बायको, ती बिचारी सरळ बाळंत होते, चार हजारांत, आणि दुसऱ्या दिवशी रिक्षातून घरी जाते. देवानं बायकांच्या कमरेची हाडंसुद्धा पॉलिसी वाचून घडवली असावीत.

मला फोन करू नका. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते, अशी आपल्या दोघींची जुनी सवय आहे. पत्रात मी बोलणार आहे.

योगिनी


१४ डिसेंबर २००३

अलकावन्सं,

तुम्ही प्रकाशला पाठवलंत. कुकटपल्लीहून दोन बस बदलून आला. आईनं त्याला चहा दिला, बाबा पेपर घेऊन आतल्या खोलीत गेले. तो म्हणाला की ताईनं दवाखान्यावर दुसरा मजला चढवायला घेतला आहे, बँकेचं कर्ज आहे, या वेळी तिची बिलं अडवू नकोस, झालं गेलं सोडून दे.

झालं गेलं म्हणजे काय ते त्याला नीट सांगता येईना. मग मीच सांगितलं. तुम्हालाही लिहून कळवते, कारण आपल्या घरात ते कुणीच कधी पहिल्यापासून शेवटपर्यंत उच्चारलेलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली मला दिवस होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्या दोन्ही घरांतली रीत. आईनं सातव्या महिन्यातच इथली मधली खोली रिकामी केली होती. डिंक आणला होता, अळीव निवडून ठेवले होते, बाबांच्या जुन्या धोतरांची दुपटी शिवली होती. तुम्ही म्हणालात, घरात डॉक्टर असताना माहेरी कशाला, प्रकाशच्या कंपनीचा विमा आहे, सगळं फुकटात होईल. सासूबाईंना ते पटलं. मलाही बरं वाटलं होतं तेव्हा. माझी नणंद डॉक्टर आहे म्हणून मी शाळेत मिरवायचे.

दिवाळी झाल्यावर बाळंत होणार, असं तुम्हीच सांगितलं होतंत. नवरात्रात तुम्ही मला तपासायला बोलावलंत आणि म्हणालात, "पाणी कमी झालंय. थांबणं धोक्याचं आहे." घरी आले तर सासूबाईंनी पुरोहिताकडून मुहूर्त काढून आणलेला. अष्टमीचा. म्हणाल्या, नवरात्रात घरी लक्ष्मी येतेय, तिला अडवायचं नाही. पाणी आज कमी झालं आणि मुहूर्त कालच निघाला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण गणिताच्या बाईंना टेबलावर आडवं केलं की त्यांचंही गणित सुटत नाही.

मुलगी झाली. रडली नाही, कण्हत राहिली. श्वास घेताना तिच्या बरगड्यांमध्ये खळ्या पडत होत्या. तुम्ही तिला दुसऱ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवायला पाठवलंत. मला टाके होते, मी तुमच्याकडेच पडून. माझे बाबा दोन्हीकडे धावत होते.

तेव्हा आम्हाला कळलं की पॉलिसीत बाळ नव्हतंच. आई होती, आईचं पोट कापणं होतं, टाके होते, खोलीचं भाडं होतं. जन्मलेलं मूल मात्र तीन महिन्यांचं झाल्यावर विम्यात शिरणार. तीन महिने त्यानं आपलं आपण जगून दाखवायचं. काचेच्या पेटीचे पैसे बाबांनी आपल्या फंडातून भरले. आणि तुम्ही सगळ्या नातेवाइकांना सांगत होतात की भावजय म्हणून तिच्याकडून एक पैसा घेतला नाही. खरं होतं ते. माझ्याकडून नाही घेतलात. कंपनीकडून पुरे घेतलेत, मर्यादेच्या रेघेपर्यंत.

कोजागरीच्या आदल्या दिवशी ती गेली. मी तिला मांडीवर घेतलं ते गेल्यानंतर.

दोन वर्षं मी हे नशीब म्हणून सांभाळलं. तुम्ही यायचात, माझ्या पाठीवरून हात फिरवायचात, मी रडायचे. मग एका रविवारी जेवताना प्रकाश म्हणाला, "आता पुन्हा विचार करायला हरकत नाही. नव्या कंपनीत नऊ महिने कधीच पुरे झालेत. मागच्यासारखी घाई करावी लागणार नाही."

मी विचारलं, कसली घाई?

त्यानं समजावून सांगितलं. रेल्वेचं आरक्षण समजावून सांगतात ना, तसं. जुन्या कंपनीतला त्याचा शेवटचा दिवस सप्टेंबरची तीस. त्या दिवशी तो विमा संपत होता. नव्या कंपनीच्या विम्यात पहिले नऊ महिने बाळंतपण बसत नव्हतं. मधल्या मध्ये खर्च अंगावर पडला असता. म्हणून ताई म्हणाली, तिसाच्या आत उरकून टाकू, महिनाभरानं काही बिघडत नाही.

तो वाईट माणूस नाही. त्याला खरंच वाटत होतं की त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी वरणाची वाटी खाली ठेवली, बॅग भरली आणि इथे आले.

म्हणजे माझ्या मुलीचे दिवस भरले नव्हते, फक्त प्रकाशचे भरले होते. प्रकाशला हे सांगितल्यावर त्यानं उठून आपला कप आत नेऊन ठेवला. मग गेला. तुमची बिलं मी नियमाप्रमाणे तपासते, तुम्हाला एकही पैसा कमी मिळणार नाही. अजून तरी नियम जुनेच आहेत.

योगिनी


८ फेब्रुवारी २००४

अलकावन्सं,

तुमच्या स्नेहाच्या डोहाळेजेवणाचं आमंत्रण मिळालं. तुमच्या अक्षरात 'सौ. मामी' वाचून हसू आलं. येणार नाही, पण स्नेहासाठी हिरवी साडी पाठवली आहे, ती तिला द्या. पोरीनं माझं काही बिघडवलेलं नाही. रोहनराव अमेरिकेत प्रोजेक्टवर, ती इथे एकटी, सकाळी कंपनीच्या बसनं जाते आणि अंधार पडल्यावर येते, असं ऐकते.

त्याच कंपनीबद्दल लिहायचं आहे. तुमच्या खाटा ज्या कंपनीवर भरतात ती तीच, हे आपण दोघी जाणतो. तिथले मनुष्यबळ खात्याचे प्रमुख हिम्मतराव आमच्याकडे आले होते. परभणीकडचे आहेत, मोकळे बोलतात. म्हणाले, "बाई, पोरं तरणीताठी, आजार कुणाला नाही, अन् हप्ता दरसाल वाढतोय. सगळा बाळंतपणात चाललाय. कायतरी कापा." एक एप्रिलला पॉलिसी नवी होते. काय कापायचं ते सुचवायचं काम माझ्याकडे आलं आहे.

कापायचे दोन रस्ते आहेत. एक अवघड. त्याबद्दल आता लिहीत नाही. दुसरा सोपा आणि तुमच्या ओळखीचा. ज्यांना नोकरीला लागून नऊ महिने झाले नाहीत, त्यांना बाळंतपणाचा खर्च द्यायचा नाही.

स्नेहा लागली सप्टेंबरात. तिचे दिवस भरणार मेच्या मध्यावर. म्हणजे एकतीस मार्चपर्यंत तिला विमा आहे आणि एक एप्रिलपासून नाही. बघा कसं जुळून आलं. मी मुद्दाम जुळवलं असं तुम्ही म्हणाल, तर म्हणा.

हिम्मतरावांना हा रस्ता आवडला आहे. कंपनीत बोभाटा झाला आहे, तुमच्या कानावर आलंच असेल. काय करायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही डॉक्टर आहात. मार्चमध्ये पुरोहितांना एखादा चांगला मुहूर्त सापडेलही. पाणीसुद्धा तेव्हाच कमी होईल.

मी वाट बघते आहे. तीन वर्षं मला एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे, आणि ती विचारून कळणारी नव्हती.

योगिनी


२१ मार्च २००४, पाडवा

अलकावन्सं,

एव्हाना स्नेहाची खोली रिकामी बघून झाली असेल. काळजी करू नका, ती इथे आहे. आईनं मधली खोली पुन्हा झाडून घेतली. आता झोपली आहे. दुपारी तिनं गुढीच्या पाया पडून इथल्या उगादीची कडूगोड पचडी वाटीभर खाल्ली आणि अजून मागितली.

कसं घडलं ते तुम्हाला तिच्याकडून कळेल न कळेल, म्हणून लिहिते.

गेल्या सोमवारी ती माझ्या ऑफिसात आली. जड अंगानं तीन जिने चढून. मला वाटलं, तुम्ही पाठवलंत, रदबदलीला. तसं नव्हतं. ती साडीबद्दल थँक्यू म्हणायला आली होती. समोर बसली, पाणी प्यायली, आणि मी न विचारताच सांगू लागली की नव्या नियमानं तिचा विमा जाणार आहे पण ती परेशान नाही. म्हणाली, "मम्मी बोलली, टेन्शन नक्को घेऊ. पॉलिसी गेली तर गेली, पैसे मी भरते. बाळाला पूर्ण दिवस आत राहू दे. आतला एकेक दिवस बाहेरच्या महिन्याच्या बराबर असतो म्हणे."

मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिनं हसत हसत पुन्हा म्हटलं.

हेच मला जाणून घ्यायचं होतं, वन्सं. तुम्हाला माहीत नव्हतं, तेव्हा शास्त्र इतकं पुढे गेलं नव्हतं, नजरचुकीनं झालं, असं काहीबाही मी तुमच्या वतीनं मनात रचत असे. रात्री झोप यायला ते उपयोगी पडायचं. आता ते संपलं. एकेका दिवसाची किंमत तुम्हाला पुरती ठाऊक आहे. स्वतःच्या मुलीसाठी थांबता येतं आणि पैसेही भरता येतात. भावाच्या मुलीसाठी तेवढं करायचं नव्हतं.

मग मी स्नेहाला सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. तिला आठवत होतं की मामाकडे बाळ झालं होतं आणि ते आजारी होतं. तेव्हा ती कॉलेजात होती, तिला काचेच्या पेटीपर्यंत कुणी नेलं नव्हतं. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि ते काढलेच नाहीत. शेवटी तिनं विचारलं, "ये मम्मी को मालूम था?" मी म्हटलं, तुझ्याच तोंडून आत्ता ऐकलं की.

गरोदर बाईला असं सांगतात का, असं तुम्ही म्हणाल. नाही सांगत. मी सांगितलं. पाच दिवसांनी ती बॅग घेऊन आली आणि आईला म्हणाली, आजी, माझं बाळंतपण तुम्ही करता का?

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तुम्ही माझ्यापासून काढून घेतली होतीत. तुमच्याकडून ती तुमच्या मुलीनंच काढून घेतली. मला याचा आनंद झाला आहे. लिहायला संकोच वाटत नाही.

आता पॉलिसीचं. नऊ महिन्यांची अट मी खोडली. तिचं काम झालं होतं, आणि ती राहिली असती तर त्या कंपनीतल्या आणखी कितीतरी पोरींच्या पोटावर कुणीतरी कॅलेंडर टांगलं असतं. हिम्मतरावांना मी अवघड रस्ता पटवला. नॉर्मल असो की सिझेरियन, रक्कम एकच. दिवस भरायच्या आधी ठरवून कापायचं असेल तर दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरची सही हवी. आणि मूल विम्यात पहिल्या श्वासापासून. या तिसऱ्या अटीनं हप्ता थोडा वाढत होता, हिम्मतराव कुरकुरले. मी म्हटलं, साहेब, सिझेरियन निम्म्यावर आली की तो भरून निघतो. हिशेब मांडून दाखवला. त्यांनी मान्य केलं.

शेवटचं म्हणजे, पैसे न भरता दाखल होता येतं त्या दवाखान्यांच्या यादीत तुमचं नाव नाही. दुसरा मजला पुरा झाला का?

योगिनी


२३ मे २००४

अलकावन्सं,

तुम्ही मंगळवारी दवाखान्यात आलात, मी पाहिलं. भेटायच्या वेळात आलात, पायऱ्यांशी चपला काढल्यात, बाकावर इतर नातेवाइकांत बसलात. शिपायानं तुम्हाला हटकलं तेव्हा 'मी डॉक्टर आहे' म्हणाला नाहीत. मी कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला उभी होते. तुमच्याकडे आले नाही.

तुम्हाला कळलंच आहे, शेवटी सिझेरियनच करावी लागली. दिवस पुरे भरले होते, कळा चांगल्या येत होत्या, पण बाळाचे ठोके मंदावू लागले. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मला म्हणाल्या, थांबण्यात अर्थ नाही. मी विचारलं, नक्की? त्यांनी हातमोजे चढवायला घेतले. त्यांना कापण्याचे जास्त पैसे मिळणार नव्हते, न कापण्याचे कमी मिळणार नव्हते. त्यांच्या तोंडावर दुसरं काही नव्हतं, फक्त घाई होती. मी बाजूला झाले. मला सुरीचा राग कधीच नव्हता, वन्सं.

मुलगी आहे. इतकी जोरात रडली की आई बाहेर बसल्या जागी हसायला लागली. थोडा वेळ श्वासाला त्रास वाटला म्हणून एक रात्र पेटीत ठेवली होती. त्या पेटीचे पैसे पॉलिसीनं भरले. कागद माझ्याकडेच आले. तिच्या पायाला बांधलेल्या पट्टीवर जे नाव होतं तेच कागदावर होतं: बेबी ऑफ स्नेहा. मी त्यावर सही केली आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. मला वाटलं होतं, या दिवशी माझं काहीतरी शांत होईल. नाही झालं. तुम्हाला बाकावर बसलेलं बघून बरं वाटलं, तेवढंच.

स्नेहानं तुम्हाला आत बोलावलं नाही. मी अडवलं असं समजू नका. मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "बारशाला कुणाला बोलवायचं ते तू ठरव मामी. तू म्हणशील तर मम्मीला बोलवू."

म्हणून हे पत्र. बारसं पुढच्या रविवारी, इथे, नारायणगुड्याला. पाळणा आमच्या मधल्या खोलीत बांधणार. रोहनरावांची बहीण पुण्याहून येते आहे. आत्या आली म्हणजे नाव ठेवायला ती, तोच तिचा मान. कानात कुर्र करायचं, नाव सांगायचं, पाठीत धपाटे खायचे. सगळं रीतसर होणार आहे.

माझ्या मुलीचं बारसं झालं नाही. बाराव्या दिवसापर्यंत ती राहिली नाही. दवाखान्याच्या बिलावर, स्मशानातल्या पावतीवर, सगळीकडे ती बेबी ऑफ योगिनी. मी मनातल्या मनातसुद्धा तिला नाव ठेवू शकलेले नाही. पुष्कळ नावं सुचली. एकही ठेवलं नाही, कारण तो अधिकार माझा नाही. आईनं नाव ठेवायचं नसतं.

तिची आत्या तुम्ही आहात. तिला एकच आत्या आहे.

तेव्हा आता बसा, आणि तिला नाव ठेवा. घाईनं नको. स्नेहासाठी जेवढे दिवस थांबायची तुमची तयारी होती, तेवढे घ्या. पाळण्यात तीच आहे असं समजून तिच्या तोंडाकडे बघा. ते तुम्ही पाहिलं होतं, माझ्या आधी पाहिलं होतं. मग जे नाव येईल ते तुमच्या हातानं पोस्टकार्डावर लिहा. उघड्या कार्डावर. पोस्टमननं वाचलं तरी चालेल. फक्त नाव लिहायचं आणि खाली 'आत्या' अशी सही. माफी, कारणं, आशीर्वाद यातलं काही त्यावर नको.

रविवारच्या आत कार्ड आलं तर पाळण्याच्या उजव्या बाजूला आजीसाठी पाट मांडते.

योगिनी